बाटलीतली चिलटं: नाव कुठवर द्यायचं आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही कोल्हापुरात चार ठिकाणी बारीक माश्या धरल्या: घरचं स्वयंपाकघर, बाथरूम, रंकाळ्याच्या काठावरचे दिवे आणि करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. निम्म्या सॅनिटायझरच्या जेलमध्ये बुडवल्या, बाकीच्या काड्यापेटीत कोरड्या पडून आहेत. मार्गदर्शकांना जातींची यादी हवी आहे. मोबाइलवरचे फोटो पाठवून तुम्ही विचारलंय, पंखांच्या शिरांवरून जाती सांगता येतील का?

शिरांवरून कुल (जवळच्या जीनसांचा मोठा गट) सांगता येतं, नशीब असेल तर जीनसही (जवळच्या जातींचा गट). जात मात्र बहुतेक वेळा नाही. आणि तुमच्या फोटोंवरून तर मी कुलाच्या पुढे जाणारच नाही, कारण त्यात पंख एकमेकांवर दुमडलेत आणि पोटाचं मागचं टोक, म्हणजे जननेंद्रियांचा भाग, दिसतच नाही. प्रश्न जातीचा वाटतो, पण गाडी अडलीय आधीच्या पायरीवर. हातातला नमुना कोणत्या पातळीपर्यंत नाव देऊ शकतो, हे प्रत्येक माशीसाठी वेगळं ठरवावं लागतं. ते तिचं कुल, ती नर की मादी, ती कशात ठेवली होती आणि तिचं वय यावर अवलंबून असतं. एकाच बाटलीतली एक माशी जातीपर्यंत जाते आणि दुसरी कुलाशीच थांबते. यादीत हा फरक दिसला तर तो यादीचा कमीपणा नाही. मी कुठलीही यादी तपासायला घेतो तेव्हा सगळ्या ओळी जातीपर्यंत भरलेल्या दिसल्या की मला आधी शंका येते.

जगात द्विपंखी कीटकांच्या, म्हणजे माश्या-डासांच्या, दीड लाखाहून जास्त जातींची नोंद आहे. नुसत्या मेगासेलिया या फोरिडी कुलातल्या एका जीनसमध्ये दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या वरवर पाहता सारख्याच: दोन-तीन मिलिमीटरच्या, कुबड काढलेल्या, तुरुतुरु पळणाऱ्या. तुमच्या बाथरूममध्ये आणि गुऱ्हाळावर त्या नक्की असणार. शेतातली फळमाशी याच्या उलट. आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस असो की कारल्या-दोडक्यावरची झ्युगोडॅकस कुकर्बिटी, पंखावरचे पट्टे, छातीवरच्या पिवळ्या रेषा आणि पोटावरची खूण नीट दिसणारा फोटो असला की अनुभवी माणूस बहुतेक वेळा तिथल्या तिथे नाव सांगतो. ते पाहून आपल्याला वाटतं की सगळ्याच माश्यांचं असं असेल.

आता कामाकडे वळू. बाटली एका पेट्री डिशमध्ये ओता आणि सगळ्यात आधी माशी नसलेलं बाजूला काढा. चार पंख दिसले की माशी नाही; माशीला दोनच पंख असतात आणि मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक मुठी. ड्रोसोफिलाच्या (पिकलेल्या फळांवरच्या चिलटांच्या) अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हमखास त्याच सापळ्यात येतात. पांढरी माशी आणि पंख असलेला मावा हेही तसेच. खरी फसगत होते ती पिठ्या ढेकणाच्या नराकडून. त्यालाही दोनच पंख असतात, आणि मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक आकडेही असतात, म्हणजे माशीची व्याख्या वरवर पूर्ण होते. पण त्याला चालतं तोंडच नसतं आणि शेपटीकडून मेणाचे दोन लांब पांढरे तंतू निघालेले असतात. दारूत, म्हणजे इथेनॉलमध्ये, ते तंतू विरघळून किंवा तुटून जातात, म्हणून तोंड बघायची सवय लावा.

सॅनिटायझरचं काय करायचं? जेल बहुधा कार्बोमर नावाच्या पदार्थानं घट्ट केलेलं असतं, आणि मीठ लागलं की कार्बोमर पातळ होतो. कोमट पाण्यात थोडं मीठ घालून नमुने त्यात अलगद फिरवा, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. काढताना चिमट्यानं धरू नका, बारीक ब्रशनं उचला. जेल तसंच राहिलं तर केस एकमेकांना चिकटतात, आणि या माश्यांची अर्धी ओळख डोक्यावरचे आणि छातीवरचे केस मोजण्यात असते. पातळ सॅनिटायझर वापरला असता तर धुणं सोपं गेलं असतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉलही असतं. नमुना सुकवला की तो त्यामुळे चिकट राहतो. पुढच्या वेळी कॉलेजातून इथेनॉल मागून घ्या. फॉर्मालिन मात्र चुकूनही नको. त्यानं अंग ताठ होतं आणि पुढे डीएनएची वाट लागते.

काड्यापेटीतल्या कोरड्या माश्या वाया गेल्या असं समजू नका. अंगावरचा धुळीसारखा राखाडी लेप दारूत दिसेनासा होतो, कोरड्या नमुन्यावर तो टिकतो. स्फेरोसेरिडी किंवा मस्किडी (घरमाशीच्या) कुलात त्या लेपाचा उपयोग होतो. डोळे आत गेले, पोट आक्रसलं, तरी शिरा आणि केस शाबूत असतात. अंग मऊ करायचं असेल तर झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू ठेवून, बुरशी लागू नये म्हणून डेटॉलचे दोन थेंब टाकून, नमुने रात्रभर त्यावर एका कागदावर ठेवा. पाण्यात बुडवू नका. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरडे नमुने उघड्या पेटीत ठेवले तर श्रावणापर्यंत त्यावर कापूस उगवतो. डांबरगोळ्या किडे थोपवतात, बुरशी थोपवत नाहीत. घट्ट झाकण आणि सिलिका जेल, दुसरा इलाज नाही.

पहिली वाटणी शृंगिकांवरून, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवरून, करा. लांब, मण्यांच्या माळेसारख्या पुष्कळ खंडांच्या असतील तर एक ढीग. आखूड, तीन खंडांच्या आणि वर एक केस उभा असेल तर दुसरा. तुमच्या रंकाळ्याच्या बाटलीतले जवळपास सगळे पहिल्या ढिगात जातील. त्यातल्या नरांच्या शृंगिका पिसासारख्या असतात आणि लोक त्यांना डास समजतात. ते कायरोनोमिडी कुलातले, चावत नाहीत. चावणारी मुरकुटं सेराटोपोगोनिडी कुलातली. दोन्हींतला फरक पंख पसरल्यावर कळतो: पंखाच्या मधली शीर चावणाऱ्यांत पुढे दुभंगते, न चावणाऱ्यांत एकसंध राहते. इथवर शिरा पुरतात. कायरोनोमिडीत जात हवी असेल तर नराची स्लाइडच करावी लागते. नुसत्या माद्या मिळाल्या असतील तर कुल लिहून पुढे चला.

बाथरूममधली केसाळ, हृदयाच्या आकाराची माशी सायकोडिडी कुलातली. तिथे बहुधा क्लोग्मिया अल्बिपंक्टाटा असते: पंखाच्या कडेला पांढरे ठिपके आणि प्रत्येक पंखावर दोन काळसर डाग. पण हे डाग केसांचे असतात आणि बाटलीत हलवलं की केस गळून जातात. म्हणून तुमच्या धुतलेल्या नमुन्यांवर हे नाव लिहायला मी तयार नाही. भिंतीवर बसलेली एक माशी जिवंत असताना वरून फोटो काढा, मग तीच धरा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानं ओळ कुलावरून जातीवर जाते.

कुंडीतून उडणाऱ्या काळ्या सायारिडी लगेच कळतात: डोळे शृंगिकांच्या वर पुलासारखे एकमेकांना जोडलेले असतात. कुलाच्या पुढे नराचं मागचं टोक पाहिल्याशिवाय जाऊ नका.

स्वयंपाकघर आणि गुऱ्हाळ मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तुमच्या प्रकल्पाचा खरा माल तिथे आहे. काहिलीतून उतू गेलेला रस, बाजूला काढलेली मळी, ओल्या चिपाडांचा ढीग, या प्रत्येक जागेची माशी थोडी वेगळी असते. तुम्ही सगळ्यांची एकच बाटली केलीत, ती पुढच्या खेपेला वेगळी करा. मळीच्या खड्ड्याशी फोरिडी आणि स्फेरोसेरिडी जास्त मिळतील. स्फेरोसेरिडी ओळखायला मागचा पाय बघा, पावलाचा पहिला खंड आखूड आणि फुगीर असतो. रस आंबलेला असेल तिथे ड्रोसोफिलिडी.

ड्रोसोफिलिडी कुल पक्कं करायला शृंगिकेवरचा केस फांद्या फुटलेला आहे का आणि पंखाच्या पुढच्या कडेची शीर दोन ठिकाणी तुटलेली आहे का ते बघा. लाल डोळ्यांवर जाऊ नका, मेलेल्या माशीत ते तपकिरी होतात. कुल ठरलं की एक जीनस साध्या भिंगानंही सुटते: डोक्यापासून छातीच्या मागच्या टोकापर्यंत काळ्या किनारीचे चांदीसारखे पांढरे पट्टे असतील तर झाप्रिओनस. त्यात आपल्याकडची नेहमीची म्हणजे झाप्रिओनस इंडियानस, १९७० मध्ये भारतातूनच वर्णन झालेली आणि नंतर ब्राझीलपर्यंत पोचून अंजिराच्या बागांना त्रास देणारी.

पट्टे नसलेल्यांत नर वेगळे काढा. मादीचं पोट मागे टोकदार असतं, नराचं गोलसर. मग नराच्या पुढच्या पायाचं पाऊल बघा. पहिल्या खंडावर काळ्या जाड दातांचा एकच उभा कंगवा आणि पोटाचं टोक काळं असेल, तर ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या गटाजवळ आहात (पुढची नावंही ड्रोसोफिलातलीच). दात आडव्या ओळींत बऱ्याच जागी असतील आणि पोट फिकं असेल, तर अनानासे किंवा तिची भावंडं. कंगवा मुळीच नाही आणि समोरून पाहिल्यावर कपाळ चांदीसारखं चमकतं, तर नासुटाचा गट. यातलं काहीही मादीत दिसत नाही. मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलान्स यांच्या माद्या तर बाहेरून खात्रीनं वेगळ्या करता येत नाहीत. नरांतही निकाल लागतो तो मागच्या टोकाच्या एका लहान पाकळीवर: सिम्युलान्समध्ये ती मोठी आणि गोल, मेलॅनोगॅस्टरमध्ये अरुंद आणि आकड्यासारखी.

आणखी एक गोष्ट इथे नवख्या माणसाला हमखास अडवते. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी फिकट असते, पोटाचा काळेपणा नंतर चढतो. सापळ्यात ती पहिल्याच दिवशी मेली तर मेलॅनोगॅस्टरचा नरही पिवळट दिसतो आणि तुम्ही त्याला भलतंच नाव देता. म्हणून मी आंबलेल्या केळ्याच्या सापळ्यात माश्या मरू देत नाही. जिवंत आणतो, कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या नळीत थोडं केळं ठेवून दोन दिवस सांभाळतो, मग मारतो.

शक्य असेल तर एक पाऊल पुढे जा आणि वाढवाच. गुऱ्हाळावरून एकच मादी आणून नळीत ठेवलीत तर २५ अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. मादी आधीच फळलेली असेल तर तुमच्या हातात तिचे मुलगे येतात, आणि मुलांवरून आईचं नाव कळतं. एकट्या मादीचं नाव सांगायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. शेतातल्या माश्यांचंही हेच. ज्वारीचा पोंगा, भाताची गादमाशी लागलेली चंदेरी पोंग्यासारखी कांडी, तुरीची शेंग, नागअळीचं पान, यातून बाहेर आलेली माशी हवेत धरलेल्या माशीपेक्षा कितीतरी जास्त सांगते, कारण झाडानं निम्मी छाटणी केलेली असते. मात्र रिकामा कोष त्याच माशीबरोबर ठेवायला विसरू नका.

आता ज्या टोकाचा मी सारखा उल्लेख करतोय ते बघायचं कसं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी एक मागचा पाय काढून ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये वेगळ्या कुपीत ठेवा, डीएनएची कधी गरज लागली तर. मग पोट अलगद वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर कुपी गरम पाण्यात धरून काही मिनिटांत काम होतं, पण सारखं बघत राहावं लागतं. द्रावणानं कातडी भाजते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. आतलं मांस विरघळलं की पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून धुवा, खळगा असलेल्या स्लाइडवर ग्लिसरीनमध्ये घ्या आणि आधी स्टिरिओ, मग साध्या मायक्रोस्कोपखाली १०० पटीत बघा. पाहून झालं की ते पोट बारीक कुपीत ग्लिसरीनमध्ये घालून बाकीच्या माशीबरोबरच, त्याच क्रमांकानं. पोट एकीकडे आणि धड दुसरीकडे गेलं की दोन्हींची किंमत शून्य.

मायक्रोस्कोप फक्त विभागातच असेल तर घरची चाळणी भिंगावर करा. गुजरीत सोनारकामाचं सामान विकणारे दहा पटीचं भिंग ठेवतात, शृंगिका आणि पट्टे पाहायला ते पुरतं. पंखांचे फोटो मात्र नीट काढा: एक पंख मुळापासून काढून स्लाइडवर दारूच्या थेंबात पसरा, वर कव्हरस्लिप, आणि शेजारी मिलिमीटरची खूण. तसा एक फोटो तुमच्या आताच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगेल.

ओळखीच्या किल्ल्यांबद्दल (‘की’, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून नावापर्यंत नेणारी यादी) थोडं, कारण तुम्ही उत्तर अमेरिकेची किल्ली वापरल्याचं लिहिलंय. कुलापर्यंत ती इथेही बऱ्यापैकी चालते. जीनसपासून पुढे नको. किल्ली कधी ‘तुमची माशी माझ्यात नाही’ असं सांगत नाही. दोन पर्यायांतला जवळचा निवडत गेलात की शेवटी कुठलं तरी नाव हातात येतंच, मग ती माशी फक्त गगनबावड्यात असली तरी. म्हणून शेवटच्या जोडीवर थांबू नका, मिळालेल्या नावाचं मूळ वर्णन शोधून नमुन्याशी शब्द न् शब्द ताडून बघा. भारतासाठीचे ब्रिटिशकालीन खंड, उदाहरणार्थ ब्रुनेटीचा १९१२ चा, अजून उपयोगी पडतात, पण त्यातली कित्येक नावं आता बदललीत. आधी आजचं वैध नाव तपासा. मोबाइलच्या ॲपनं दिलेलं जातीचं नाव यादीत घालू नका, एवढंच त्याबद्दल.

डीएनए बारकोडिंगचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याचं, तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलंय. चांगलं आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि साठ्यातल्या नोंदींशी जुळवतात. तुमच्या माशीची जात साठ्यात नसेल तर सगळ्यात जवळची नोंद समोर येते. ती असेल, पण कुणी चुकीच्या नावानं टाकली असेल, तर ती चूक तुमच्या यादीत येते. काही गटांत, जसं बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच्या जवळच्या जातींत, हा तुकडा पुरेसा वेगळेपणाच दाखवत नाही. नराचं टोक आणि बारकोड दोन्ही एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर निर्धास्त लिहा. दोघांचं जमत नसेल तर आधी नमुना पुन्हा बघा.

मग यादी कशी लिहायची? प्रकल्पाचा हेतू काय, यावर ते अवलंबून आहे. चार जागांची विविधता तुलना करायची असेल तर नाव कळलंच पाहिजे असं नाही. ‘मेगासेलिया जात १’, ‘मेगासेलिया जात २’ असं लिहा, प्रत्येकीचा एक नमुना आणि फोटो जपून ठेवा, आणि तोच क्रमांक चारही जागांना वापरा. तुलना बरोबर येते. किडीची नोंद करायची असेल, म्हणजे उद्या कुणी तुमच्या यादीवरून फवारणी ठरवणार असेल, तर मात्र जात पक्की हवी, आणि ती तज्ज्ञाकडून तपासून घेतलेली. ओळीपुढे कारणही लिहा: ‘नर, टोक पाहिलं’ किंवा ‘फक्त मादी’. परीक्षकानं विचारलं की जात का दिली नाही, तर उत्तर तिथेच असतं.

प्रत्येक नमुन्याला दोन चिठ्ठ्या. एकीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, धरण्याची पद्धत, धरणाऱ्याचं नाव. दुसरीवर ओळख, कुणी केली आणि कोणत्या वर्षी. बाटलीत घालायची चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई दारूत उतरते. तुमच्या फोटोत बाटलीवर बाहेरून ‘रंकाळा’ एवढंच लिहिलेलं दिसतंय. ते आजच, आठवण ताजी आहे तोवर, पूर्ण करा. राधानगरी किंवा दाजीपूरला जायचा विचार असेल तर अभयारण्यात नमुने धरायला वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

तपासून घ्यायला पुण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि बंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो. पाठवण्याआधी पत्र लिहून त्या कुलाचा जाणकार आहे का ते विचारा. माश्यांचा जाणकार म्हणजे सगळ्या माश्यांचा नव्हे. सगळी बाटली पाठवू नका. कुलानुसार वेगळे केलेले, धुतलेले, चिठ्ठी असलेले दोन-तीन नर आणि दोन-तीन माद्या, इतकंच.

गुऱ्हाळं मार्चच्या आसपास थंडावतील. तेव्हा पंख-फोटो नंतर, आधी तिथे पुन्हा एकदा जा. रस सांडतो ती जागा, मळीचा खड्डा आणि चिपाडाचा ढीग यांच्या नळ्या वेगवेगळ्या करा आणि माश्या जिवंत आणा. गुळव्याला विचारून जा, चुलवाणाजवळ एकटं फिरू नका.